दारव्हा ते मुंबई व्हाया अमरावती: लॉसाठी इंग्लंडला निघालात तर एजंटला पैसे देण्याआधी वाचा

कालच मुंबईहून परतले. अंग आंबलंय, त्यामुळे जरा तिखटच लिहीन.

एजंटचं पहिलंच वाक्य : "ताई, अपोस्टिलचा शिक्का नाही त व्हिसा नाही." अपोस्टिल म्हणजे कागद खरा आहे असा परदेशासाठीचा सरकारी शिक्का. दहावीपासून बी.ए.पर्यंत प्रत्येक कागदाचे साडेचार हजार. परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिलची फी कागदामागे 50 रुपये, वर सेवा केंद्राचा किरकोळ आकार. आणि मुळात ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसाला अपोस्टिल लागतच नाही! मुंबईत व्हिसा केंद्राच्या काउंटरवरच्या बाईनं तो शिक्केवाला गठ्ठा न उघडताच परत सरकवला. कापसाचे पैसे होते हो ते. पावती मागितली तर एजंटसाहेबांचा फोन लागत नाही.

अमरावतीला विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) काढायचं काम सरळ आहे, स्वतः जा.

खरी कटकट पैशांच्या कागदांची. सातबारा, शेताचं व्हॅल्युएशन घरीच ठेवा, चालत नाही. पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि 9 महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च तुमच्या किंवा आईबाबांच्या खात्यात सलग 28 दिवस पडून हवा. मधे एक दिवस जरी शिल्लक त्या रकमेच्या खाली गेली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. काकांच्या खात्यात कितीही असो, उपयोग शून्य. आईबाबांचं खातं दाखवलं तर त्यांचं संमतीपत्र आणि तुमचा जन्मदाखला लागतो. माझ्या दाखल्यावर नावाची जागा कोरी! ग्रामपंचायतीतून नाव चढवून घ्या, दाखला इंग्रजीतही मागा, आणि हे सगळ्यात आधी करा.

टीबीची तपासणी ब्रिटननं मान्य केलेल्या केंद्रातच; तालुक्याचा एक्स-रे चालत नाही. सर्टिफिकेट 6 महिने टिकतं.

आता कोर्सचं. एजंटच्या फ्लेक्सवर '2 वर्षांत वकील' लिहिलंय. पदवीधरांसाठी तसा एलएलबी तिथं आहे, खोटं नाही. पण भारतातल्या वकिलांची सनद पाहणाऱ्या बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे पदवीनंतरचा परदेशी लॉ कोर्स किमान 3 वर्षांचा लागतो, विद्यापीठ मान्यताप्राप्त लागतं, शिवाय इथं येऊन पात्रता परीक्षा. यवतमाळच्या कोर्टात उभं राहायचं असेल तर 2 वर्षांचा घेऊच नका. तिकडेच सॉलिसिटर (तिथल्या वकिलांचा एक प्रकार) व्हायचं असेल तर 2021 पासून एसक्यूई ही पात्रता परीक्षा आहे; तिला कुठल्याही विषयाची पदवी चालते, वर 2 वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. मग एलएलबीवर एवढा पैसा ओतायचा का, ते घरी बसून आधी ठरवा.