तुम्ही विचारलंत म्हणून: गिरणगावातलं नेमकं काय गेलं?

मी गिरणगावात, म्हणजे मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या भागात, डिलाईल रोडच्या चाळीत वाढले हे कळलं, की लोअर परळला नोकरी करणारी तरुण मंडळी हटकून विचारतात, "तिथे आता केवढी ऑफिसं, केवढे मॉल झालेत! दहा बाय बाराची खोली, मजल्याच्या टोकाला सामायिक संडास, वर गिरणीचा धूर. त्यातलं काय गेलं म्हणून तुम्ही हळहळता?"

प्रश्न रास्त आहे. संडासाच्या रांगेसाठी मी कधीच हळहळले नाही. माझे वडील गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे विणकामाला होते. मागांच्या खडखडाटाने त्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं. शेजारच्या काकांच्या छातीत कापसाची धूळ बसली ती बसलीच. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या कुटुंबांना २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. घरात स्वतःचा नळ असणं म्हणजे काय, हे चाळीतल्या बाईला विचारा.

गेलं ते वेगळंच. खिशात फारसे पैसे नसलेल्या माणसाला मुंबईच्या मधोमध राहता येत होतं, ते गेलं.

आमच्या मजल्यावर एक गावकीची खोली होती. सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकण, जिथून माणसं आली तिथल्या कितीतरी गावांच्या अशा खोल्या गिरणगावात होत्या. भिंतीला ट्रंका, वळणीवर कपडे आणि राहणारे वीस-पंचवीस गडी. पहिल्या पाळीचे उठून गेले की रात्रपाळीचे येऊन त्याच जागेत आडवे व्हायचे. भोंग्यावर सगळं चालायचं. बायकामुलं गावाला, महिन्याच्या महिन्याला मनीऑर्डर.

या गड्यांना जेवू घालायच्या त्या खानावळवाल्या मावश्या. आमच्या शेजारच्या मावशींकडे दोन्ही वेळचं जेवण असे. हिशेब महिन्याचा, खाडे लिहून ठेवलेले, पैसे पगाराला. कोण आजारी आहे, कोण दारूला लागलाय, कुणाच्या घरून पत्र आलेलं नाही, हे मुकादमाच्या आधी मावशींना कळायचं. पण त्यांना स्वतःला किराणा उधारीवर आणावा लागे आणि त्यावर जबर व्याज चढे. गोवा मुक्तिलढ्यातल्या आणि पुढे गिरणगावात काम केलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अशाच बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गिरणगावाचा इतिहास लिहिताना पुढाऱ्यांची नावं आधी येतात. माझ्या मते पहिलं पान या बायकांचं आहे.

करमणूकही दारात होती. गणपतीत कोकणातल्या गड्यांचा बाल्या नाच, घाटावरच्यांचं भजन, दामोदर हॉलला कामगारांनीच बसवलेली नाटकं, भारतमाताला मराठी सिनेमा. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांची शाहिरी याच वस्त्यांनी डोक्यावर घेतली. आठ तास मागावर उभा राहिलेला माणूस संध्याकाळी चेहऱ्याला रंग लावायला जाऊ शकत होता, कारण गिरणी, खोली आणि रंगमंच यांच्यात चालत जायचं अंतर होतं.

१८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही; घरोघर तो झिजत गेला. मावशींनी गड्यांना महिनोन्महिने उधारीवर जेवू घातलं आणि त्यापायी पाटल्या गहाण टाकल्या. मग एकेक गडी गावाला गेला. पुष्कळांची उधारी तशीच राहिली, आणि मावशींनी ती कधी मागितली नाही.

पण गिरणगाव संपलं ते केवळ संपामुळे असं मी म्हणणार नाही. जमिनीचा निकाल नंतर लागला. गिरणीच्या जमिनीवर नवं बांधकाम करायचं, तर १९९१ च्या विकास नियंत्रण नियमात त्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांना आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी होती. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीच्या आवारात शेडच शेड. मोकळी जमीन असणार किती? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. मैदानं आणि परवडणारी घरं तिथेच हातची गेली.

त्याचे परिणाम आजही भोगतो आहोत. गिरणी कामगार चालत कामाला जायचा. आता त्याच जमिनीवर काम करणारी मुलं विरार, कल्याण, बदलापूरहून लोकलने येतात, कारण इथे घर घेणं त्यांना शक्य नाही. स्टेशनं मात्र जुन्या गर्दीच्या मापाची राहिली. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्या सकाळी पाऊस होता, हे खरं. पण एवढी माणसं त्या अरुंद पुलावर रोज का येत होती, याचं उत्तर जमिनीच्या त्या वाटणीत आहे.

मला प्रश्न विचारणाऱ्या मुलांपैकी काहींचे आजोबा याच गिरण्यांत होते. म्हाडाच्या सोडतीत काही हजार कामगारांना आणि वारसांना घरं मिळाली, पण लाखाच्या वर अर्जदार अजून वाट पाहताहेत. त्यांना आता मुंबईबाहेर लांब, शेलू-वांगणीला घरं देऊ म्हणतात. ऐंशी वर्षांची माणसं आझाद मैदानात बसून सांगतात, आम्हाला मुंबईतच घर द्या. मी त्यांच्या बाजूची आहे. ज्या जमिनीवर त्यांची हयात गेली, तिच्यावर त्यांचं एक घर मागणं मला जराही जास्त वाटत नाही.