बेळगावच्या चढउतारावर शर्यतीचे बूट : आमची वाटचाल

आमच्या गाळ्यात पूर्वी शाळेचे काळे बूट, पी.टी.चे पांढरे कॅनव्हास आणि पावसाळी सँडल एवढाच माल असायचा. धावायचे बूट मागायची ती खानापूर, निपाणी, चंदगडकडची भरतीची पोरं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, त्यामुळे भरतीत धावायचं १६०० मीटर हे अंतर इथं पोराटोरांना पाठ. २०१७ साली नायकीचा व्हेपरफ्लाय ४% हा तळात कार्बनची कडक पट्टी असलेला बूट आला, २०१९ च्या ऑक्टोबरात व्हिएन्नात केनियाच्या धावपटू किपचोगेनं मॅरेथॉनचं अंतर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत कापलं, आणि हळूहळू काउंटरवर "कार्बनवाला दाखवा" सुरू झालं. धंद्याची रीत तिथून बदलली. आता बूट काढण्याआधी आम्ही पाय बघतो.

माप संध्याकाळीच घेतो, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि २५ किलोमीटरनंतर त्याहून जास्त. धावायचा मोजा घालून, टाच भिंतीला टेकवून, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन कागदावर उभं राहायचं. पेन्सिल सरळ धरायची; तिरकी झाली की चार-पाच मिलिमीटर तिथंच चुकतात. दोन्ही पाय मोजतो आणि मोठा पाय धरतो. सगळ्यात लांब बोट कधी कधी अंगठ्याशेजारचं असतं, तेही बघायचं. पाय २६५ मिलिमीटर भरला तर बुटाच्या आत २७५ ते २७७ हवेत. यूकेचा एक नंबर म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटर, अर्धा नंबर म्हणजे सव्वाचार. "मला आठ लागतो" या वाक्यावर म्हणूनच आम्ही बूट देत नाही. एका कंपनीचा आठ दुसरीच्या साडेसातला बसतो, आणि ऑनलाइन मागवताना यूके-यूएसचा घोळ वेगळाच. मापाची चिठ्ठी मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहून देतो. बूट दुसरीकडून घेतला तरी ती चालते.

लांबी जमली की चवड्याची रुंदी. शर्यतीच्या बुटाचं वरचं कापड पातळ आणि न ताणणारं असतं. करंगळीकडून पाय बाहेर फुगलेला दिसला तर दहा किलोमीटरला फोड ठरलेला. तिथं नंबर वाढवून भागत नाही, दुसरा साचाच घ्यावा लागतो. टाच मात्र उचलली जाता कामा नये. कार्बन पट्टीचा बूट वाकत नाही, म्हणून टाच सुटण्याची तक्रार याच बुटात जास्त. बंदाच्या शेवटच्या जादा भोकात दोन्हीकडून फास करून बंद त्यातून ओढला की ती तक्रार बहुतेक वेळा मिटते. तरीही टाच सुटली तर बूट परत कपाटात.

पट्टी स्प्रिंगसारखी ढकलते असं पुष्कळांना वाटतं. खरं काम मुख्यतः फोमचं. पेबा जातीचा फोम हलका असतो आणि नेहमीच्या बुटातल्या साध्या ईव्हीए फोमपेक्षा दाबाची ऊर्जा जास्त परत देतो. पट्टीला आडवे काप देऊन घेतलेल्या चाचणीत ऊर्जाखर्च जवळपास तेवढाच राहिला. व्हेपरफ्लायच्या नावातल्या ४ टक्के ऊर्जाबचतीचंही तसंच. तो सरासरी आकडा तेज धावपटूंवर ताशी १४, १६ आणि १८ किलोमीटरच्या वेगाला मिळाला. १४ म्हणजे किलोमीटरला ४ मिनिटं १७ सेकंद. सहा-साडेसहा मिनिटांनी धावणाऱ्याला फायदा कमी, आणि तोही माणसागणिक वेगळा. त्याला आम्ही पट्टीचा महाग बूट सुचवत नाही. हलका, रुंद तळाचा साधा बूट देतो. जोडीतल्या प्रत्येक बुटात १०० ग्रॅम कमी झाले तर ऊर्जाखर्च साधारण १ टक्क्यानं उतरतो, तेवढं त्याला पुरे. भरतीच्या पोरांनाही तेच सांगतो. १६०० मीटरसाठी पंधरा हजार घालवू नका, त्यात दोन जोड सरावाचे येतात.

गाळ्यात ट्रेडमिल ठेवलेलं नाही, तसा विचारही नाही. बाहेरच्या उतारावर पळवतो. २०० मीटर शर्यतीच्या वेगानं खाली, तेवढंच वर. खाली येताना बोट पुढं लागलं तर नख काळं पडणार. मग एका पायावर २० सेकंद उभं करतो आणि मागून बघतो. जाड मऊ तळावर घोटा आत कलंडत असेल तर वळणावर आणि ओल्या डांबरावर तो जास्तच कलंडेल. जुना बूटही आणायला सांगतो. टाचेची बाहेरची कड झिजलेली असली तर घाबरायचं कारण नाही; टेबलावर ठेवून मागून पाहिल्यावर अख्खा बूट आत झुकला असेल तर मऊ फोम त्या पायाला नको.

रस्त्याच्या शर्यतीत तळाची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत आणि आत एकच कडक पट्टी, हा वर्ल्ड ॲथलेटिक्सचा नियम. १ नोव्हेंबर २०२४ पासून ट्रॅकवर ही मर्यादा २० मिलिमीटर आहे. म्हणजे मॅरेथॉनचा जाड बूट घालून ट्रॅकवरची १०,००० मीटर धावणारा बाद होऊ शकतो. जिल्ह्याच्या मैदानावर कुणी मोजत नाही म्हणून पोरं ती सवय लावून घेतात.

पट्टीचा नवा बूट शर्यतीच्या आठवड्यात विकायला आम्हाला आवडत नाही. आधी ५ किलोमीटर निवांत, मग तेज टप्प्यांचा एक सराव, मग १५ ते २० किलोमीटर ठरलेल्या वेगानं. मध्ये एक-दोन दिवस साधा बूट. पोटरी आणि पावलाच्या हाडांवरचा ताण या बुटात बदलतो. पावलाच्या मध्यावर एकाच जागी बोट ठेवल्यावर दुखलं तर धावणं थांबवून डॉक्टरांना दाखवायचं.

फर्स्ट कॉपीबद्दल दोन शब्द. जिभेमागच्या लेबलवरचा कोड आणि खोक्यावरचा कोड जुळतात का बघा, आणि किराणा दुकानातल्या काट्यावर बूट ठेवा. त्याच नंबरासाठी कंपनीनं सांगितलेल्या वजनापेक्षा चाळीस-पन्नास ग्रॅम जास्त भरला तर फोम वेगळा आहे.

शर्यतीच्या बुटाच्या तळाचं रबर पातळ आणि मधला फोम उघडा, म्हणून लाल मुरमाच्या वाटेवर तो कुरतडला जातो. येळ्ळूरच्या गडाकडं जायचं तर साधा बूट घाला. जुलैत भिजला तर आतला तळ सुटत असेल तर काढा, वर्तमानपत्र कोंबा, दोन तासांनी बदला, सावलीत ठेवा. चुलीशेजारी किंवा बंद गाडीत ठेवलेल्या बुटाचा गोंद सुटतो, आणि मग चांभारही तो नीट बसवू शकत नाही.