मेहरूण तलावाच्या बाजूला बिऱ्हाड: जळगावात राहायला येणाऱ्यांसाठी

जळगावात घर बघायला मे महिन्यात यावं, आणि सामान हलवावं ते दिवाळीनंतर. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. कोणतं घर तापतं, कुठल्या बोअरचं पाणी खाली गेलंय, कोणत्या गल्लीत टँकर उभा असतो, हे त्या दिवसांत भर दुपारी फिरलं की दारातच कळतं. हिवाळ्यात सगळीच घरं छान वाटतात.

बायकोची बदली इकडे झाली आणि ठाण्याचं बिऱ्हाड हलवायचं ठरलं. माझं काम घरून चालतं, त्यामुळे घर शोधण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. मुंबईहून विदर्भाकडे जाणाऱ्या पुष्कळ गाड्या जळगावला थांबतात. जी थांबत नाही ती बहुधा भुसावळला थांबते, आणि तिथून जळगाव पंचवीसेक किलोमीटर. रात्रीच्या गाड्या मात्र अडनिड्या वेळी पोचतात, तेव्हा लहान मुलं सोबत असतील तर दिवसाची गाडी बघा. सामानाचा ट्रक नाशिक, मालेगाव, धुळे, पारोळा, एरंडोल असा येतो. पुण्याहून येणाऱ्यांना सिल्लोड, अजिंठा, पहूर हा रस्ता आहे. त्यात घाट लागतो, म्हणून काचसामान नीट बांधून घ्या.

आम्हाला तलावाजवळ राहायचं होतं. मेहरूण तलाव शहरातच आहे, आणि महाबळ, मोहाडी रोड, शिरसोली रोड या बाजूंनी तिथे सकाळी सहज पोचता येतं. बाजारपेठ जवळ हवी असेल तर रिंग रोडकडचा भाग सोयीचा. घर पक्कं करण्याआधी शाळा आणि ऑफिस जुन्या महामार्गाच्या कोणत्या बाजूला आहेत ते बघा. हा रस्ता शहराच्या पोटातून जातो आणि गर्दीच्या वेळी तो ओलांडणं हे रोजचंच काम होऊन बसतं.

पाण्याबद्दल सविस्तर सांगतो, कारण इथे संसार पाण्यावर बेतावा लागतो. शहराला पाणी वाघूर धरणातून येतं, पण नळ रोज येत नाही. आमच्या शेजारच्या नानांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "भाऊ, नळ किती वाजता येतो ते नंतर विचारा. आधी कोणत्या दिवशी येतो ते विचारा." घरमालकाला तीन गोष्टी विचाराच: जमिनीखालची टाकी किती लिटरची आहे, ती किती घरांत वाटलेली आहे, आणि बोअरला उन्हाळ्यात पाणी असतं का. बोअरचं पाणी जड असतं. डाळ शिजत नाही, गीझरला क्षार धरतो. पिण्याचं आणि वापरायचं पाणी वेगळं ठेवायची सवय पहिल्या आठवड्यातच लावून घ्या.

सगळ्यात वरच्या मजल्याचं घर स्वस्त मिळतं. ते घेऊ नका. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. पश्चिमेच्या भिंतीला मोठी खिडकी असेल तर तीच गत. इथली हवा कोरडी, त्यामुळे मोठा कूलर फार छान काम करतो. पावसाळ्यात मात्र त्याचा उपयोग नाही. कूलर मार्चच्या आत घ्या. शाळेतली मुलं असतील तर दिवाळीपर्यंत थांबता येत नाही, जूनच्या आधी यावंच लागतं. मग ट्रक पोचायच्या आधी कूलर घरात बसवलेला हवा.

भाडेकरार, गॅस, आधारवरचा पत्ता ही कामं कुठेही होतात तशीच इथे झाली.

दिवाळीनंतर येण्याचा खरा लाभ म्हणजे भरताचा हंगाम. इथली भरताची वांगी मोठी, फिकट हिरवी, बी कमी असलेली. २०१६ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं, जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं वांगं, ठेचलेली हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे आणि सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी किंवा पुरी. कुणी शेतावर भरीत पार्टीला बोलावलं तर काम बाजूला ठेवून जा. आमच्या इथल्या बहुतेक ओळखी त्या एका शेतात झाल्या. ज्या घरातल्या मावशींनी तिथे ताट वाढलं, त्यांनीच पुढे उन्हाळ्यात बिबडे (ज्वारीचे पापड) आणि कुरडया करायला बायकोला गच्चीवर हक्कानं बोलावलं. अशा वेळी हातात पळी घेऊन लवकर जावं, आणि कुरडयांचा गरम चीक खाऊन यावं.

तलावावर सकाळी फिरणाऱ्यांची ठरलेली मंडळी असते. अनोळखी माणसालाही "राम राम" म्हणतात, तुम्हीही म्हणा. शाळा, डॉक्टर, इलेक्ट्रिशियन, घरकामाच्या ताई या सगळ्यांची माहिती मला तिथेच मिळाली, आणि ती खरी निघाली. हिवाळ्यात पाण्यावर पाहुणे पक्षी उतरतात, गाड्यांवर मेहरूणची बोरं येतात. गणपती विसर्जनाला याच काठावर सारं शहर लोटतं. त्या काळात या बाजूला गाडी घालू नये.

कार्तिकी एकादशीचंही तसंच. जुन्या जळगावातून श्रीरामाचा रथ निघतो आणि गावातले रस्ते माणसांनी भरून जातात. दिवाळीनंतर सामान आणणार असाल तर ही तारीख बघूनच ट्रक ठरवा. रथ मात्र चुकवू नका. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई, ही खान्देशातली देवी, बसते. शेजाऱ्यांनी बोलावलं तर संकोच न करता जा, या गावात नव्या माणसाला परकं ठेवत नाहीत.

राहायला आलात की पाहुणे येणारच, कारण अजिंठा इथून साठेक किलोमीटरवर आहे. सोमवारी लेणी बंद असतात, हे लक्षात ठेवा. शिरसोली रोडच्या जैन हिल्सवरचं गांधी तीर्थ, म्हणजे महात्मा गांधींवरचं संग्रहालय, हेही त्यांना दाखवा. त्यासाठी अर्धा दिवस तरी हाताशी ठेवा. उन्हाळ्यातल्या पाहुण्यांना अजिंठ्याला न्यायचं तर घरून सकाळी लवकर निघा आणि प्रत्येकाला पाण्याची स्वतंत्र बाटली द्या.