वुयीच्या घळींतला चहा

वुयी पर्वतात चहाचा मळा शोधत गेलात, तर आधी तो दिसतच नाही. मुन्नार किंवा आसाम पाहिलेल्या माणसाच्या डोळ्यांत हिरवे उतार असतात आणि इथे समोर उभे राहतात तांबड्या खडकाचे सरळसोट कडे. चीनच्या फूच्यान प्रांतातला हा डोंगराळ मुलूख १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. कड्यांमधल्या अरुंद घळींत दगडी बांध घालून मातीच्या चिंचोळ्या पट्ट्या अडवल्या आहेत, आणि चहाची झुडपं त्यांत. ऊन थोडाच वेळ येतं, खडकातून पाणी सतत झिरपत असतं. या चहाला तिथे 'यानछा' म्हणतात, म्हणजे खडकावरचा चहा.

सगळी गर्दी असते ती दा होंग पाओच्या, म्हणजे सगळ्यांत नावाजलेल्या यानछाच्या, सहा मूळ झाडांपुढे. कड्याच्या मध्यावर, बांधलेल्या कोनाड्यात ती उभी आहेत. २००५ साली त्यांची शेवटची तोडणी झाली, पुढच्या वर्षीपासून खुडायला बंदी. त्या शेवटच्या तोडणीतला २० ग्रॅम चहा बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलाय. बाजारात 'दा होंग पाओ' म्हणून मिळतं ते या झाडांच्या कलमांपासून वाढवलेलं, नाहीतर बहुतेकदा निरनिराळ्या खडकचहांचं मिश्रण. त्यात फसवणूक नाही. चांगलं मिश्रण जमवणं हीसुद्धा तिथे मानाची कला आहे.

मी मात्र रमलो ते गावातल्या एका चहाघरात. मालकीणबाईंनी झाकणाच्या छोट्या वाडग्यात, म्हणजे गायवानमध्ये, आठेक ग्रॅम रौक्वेई हा यानछाचाच एक प्रकार टाकला. वाडग्यात पाणी मावतं जेमतेम शंभर मिली. एवढी पत्ती पाहून कडू होणार असंच वाटतं. पण उकळतं पाणी ओतून पहिली धार त्यांनी फक्त पानं जागी करण्यापुरती वापरली आणि फेकून दिली. त्यानंतरचं पाणी दहा सेकंदांत गाळून काढलं. सगळी युक्ती या सेकंदांत आहे.

पहिल्या पेल्यात कोळशावर भाजल्याचा वास पुढे होता. तिसऱ्यात तो मागे सरला आणि दालचिनीसारखा तिखट गंध वर आला; रौक्वेईची ओळखच ती. पाचव्या-सहाव्याला घोट गिळल्यावर घशात गोडवा उतरायला लागला. प्रत्येक वेळी वेळ थोडा वाढवायचा, पत्ती तीच. रिकाम्या पेल्याचाही वास घ्यायचा, हे त्यांनी खुणेनं सांगितलं. मग वाडग्यातलं भिजलेलं पान उलगडून दाखवलं: मध्ये हिरवट, कडा तांबूस. खुडलेली पानं बांबूच्या सुपांत पुन्हा पुन्हा हलवतात, कडा एकमेकींवर घासून दुखावतात आणि तेवढाच भाग लाल होतो. ऊलाँग चहा, आणि यानछा त्यातलाच, घडतो तो या अर्धवट लालीतून. पुढे भट्टीत राखेनं झाकलेल्या निखाऱ्यांवर तासन्‌तास भाजणं.

सगळ्या चिनी चहांना हीच रीत लावू नका. हांगचौचा लाँगचिंग हिरवा आणि नाजूक. उकळतं पाणी त्याला मारतं. ऐंशी अंशांचं पाणी, काचेचा उंच पेला आणि तळाशी जाणारी चपटी पानं बघत बसणं, बस्स. युन्नानचा आंबवून मुरवलेला फूअर उलट खळखळत्या पाण्यातच खुलतो. वुयीजवळच्याच थोंगमूमध्ये पाइनच्या धुरावर वाळवलेला काळा चहा होतो. त्याचा धुरकट वास मला फार आवडला, पण सगळ्यांना आवडेलच असं नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञ ईस्ट इंडिया कंपनीसाठी वेषांतर करून याच डोंगरांत आला होता. त्यानं चीनमधून रोपं आणि कारागीर हिमालयाच्या मळ्यांकडे धाडले. दार्जिलिंगचा चहा दुधाशिवाय प्यायला असाल, तर ही चव अगदीच परकी वाटणार नाही.

विकत घ्यायचा असेल, तर दा होंग पाओच्या नावामागे धावू नका. श्वेशियान हा शांत, मऊ यानछा मागा, समोर बसून चार-पाच पाण्यांपर्यंत प्या आणि मगच वजन करायला सांगा. पत्ती नुकतीच भाजलेली असेल तर घरी आणून काही महिने बंद डब्यात राहू द्या. भाजल्याची धग तेवढ्यात उतरते.