इंद्रभवन, ओळंब्यात

सोलापूरला लोक सिद्धेश्वराच्या दर्शनाला येतात, चादरी घ्यायला येतात, शेंगाचटणीसाठी येतात. मी या वेळी इंद्रभवनासाठी गेलो. अप्पासाहेब वारदांनी बांधलेला हा प्रासाद, पुढे महापालिकेचा झाला. खाली उभं राहून कॅमेरा वर केला की त्याचे खांब मागे कलतात. इतकी देखणी इमारत बहुतेक फोटोंत उताणी पडायला आल्यासारखी दिसते, आणि मला ते बघवत नाही.

उपाय जुनाच आहे. निकॉनने १९६२ साली ३५ एमएम कॅमेऱ्यासाठी शिफ्ट लेन्स काढली. कॅमेरा सरळ समोर धरायचा आणि नुसती लेन्स वर सरकवायची. माझी नंतरची एफ/२.८ वाली पीसी-निकॉर ही तशीच शिफ्ट लेन्स, नाभीय अंतर ३५ एमएम. ती ११ मिलिमीटर सरकते, आणि ती मी लायकाच्या रेंजफाइंडरवर लावतो, म्हणजे लेन्समधून नव्हे तर वरच्या वेगळ्या खिडकीतून बघायच्या कॅमेऱ्यावर. निकॉनची लेन्स फिल्मपासून ४६.५ मिलिमीटरच्या हिशोबाने बनलेली, लायका एमची २७.८ च्या. मधल्या १८.७ मिलिमीटरांत अडॅप्टर आरामात बसतो. मात्र फोकसची जोडणी तुटते, आणि लेन्स कितीही सरकवा, वरच्या खिडकीत चित्र तेच राहतं. मित्र म्हणतात, एसएलआर घे की, लेन्समधलंच दिसेल तरी. मला हेच आवडतं. अंदाज बांधायचा तर इमारतीसमोर पावलं टाकत हिंडावं लागतं, आणि तेवढ्यात ती खरोखर पाहून होते.

अंतराचा हिशोब तोंडी होतो. ३५ एमएम लेन्स ३५ मीटरवरून १ मिलिमीटर सरकवली की चित्र १ मीटर वर चढतं. साडेसतरा मीटरवरून अर्धा मीटर. फोकस ५ मीटरवर, छिद्र एफ/८, की अडीच मीटरच्या पुढचं सगळं स्पष्ट. एक्स्पोजर मात्र लेन्स सरकवण्याआधीच मोजून घ्यायचं. आणि माझी सगळ्यात लाडकी युक्ती: वर २१ एमएमचा सुटा व्ह्यूफाइंडर, म्हणजे २१ एमएम लेन्सची चौकट दाखवणारी बघायची खिडकी, लावायचा. कॅमेरा आडवा आणि समपातळीत असला की त्याची वरची कड म्हणजे ३५ एमएम लेन्स ८ मिलिमीटर सरकवल्यावरची वरची कड. आकडेमोड करून बघा, तंतोतंत जुळते.

तिपाईवर पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणत होतो तेव्हा शेजारी एक आजोबा येऊन थांबले. हातात पिशवी, बहुधा कसल्यातरी दाखल्यासाठी आलेले.

"मोजणी करायलात का?"

"नाही आजोबा, फोटो. खांब सरळ यायला पाहिजेत."

ते बुडबुड्याकडे वाकले. जन्मभर गवंडीकाम केलेलं, त्यांनीच सांगितलं. "मग ओळंब्यात घ्या की. डाव्या अंगाला जरा उतरलंय." खरंच उतरलं होतं, केसभर. मी स्क्रू फिरवला. "हां, आता बसलं." मग त्यांनी डावा डोळा मिटून, अंगठा ताठ धरून इमारतीचा एकेक खांब तपासला, कामावरच्या माणसाच्या गांभीर्याने. "दगड हाललेला नाही कुठं," म्हणाले, आणि माझा कॅमेरा विसरून कमानीचे दगड कसे बसवतात ते सांगत बसले. दाखल्याची खिडकी बंद व्हायची वेळ झाली तेव्हाच गेले.

राग आला तो दुचाक्यांचा. शहरातल्या सर्वांत सुंदर दर्शनी भागापुढे गाड्या का लावतात? ११ मिलिमीटर पूर्ण सरकवलं तर चित्राची खालची कड जवळपास डोळ्यांच्या रेषेवर येते आणि गाड्या बऱ्याचशा जातात. पण मग इमारतीचं जोतंही जातं. जोत्याशिवाय इमारत अधांतरी दिसते. शेवटी ८ वर थांबलो, गाड्यांसकट.

बाकीचा मुक्काम भुईकोट किल्ला, तलाव, चार हुतात्मा चौक आणि कडक भाकरीत गेला. लॉजमधली उशी विटेसारखी होती, जेवण मात्र असं की दोनदा भाकरी मागून घेतली.

संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात तेव्हा पुन्हा जायचंय. ती उंच काठी सरळ उभी यावी म्हणून शिफ्ट लेन्स घेऊन ये, असं एकाने सुचवलं. नाही नेणार. माणूस तो ध्वज तोलत चालतो, तो झुकतो, सावरतो, आणि फोटोत तेवढं झुकणं यायलाच हवं. तिथे साधी ३५ पुरे.