बागेतला दुसरा पोर्तुगीज

पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की मी त्यांना पणजीच्या चर्चपाशी नेतो. पांढऱ्या पायऱ्यांवर फोटो झाले की मंडळी जवळच्या म्युनिसिपल गार्डनमध्ये बाकावर टेकतात. बागेचं खरं नाव ‘गार्सिया द ऑर्ता’ असं सांगितलं, की कुणीतरी विचारतंच, “पोर्तुगीज जाऊन इतकी वर्षं झाली, मग अजून त्यांच्याच माणसाचं नाव कशाला?” पूर्वी मी काहीबाही सांगून त्यांना भाजी-पाव खायला न्यायचो. हल्ली मात्र नीट सांगतो.

बाग १८५५ची. पणजीला राजधानीचा मान मिळून तेव्हा १२ वर्षं झाली होती. मधोमधचा उंच खांब नंतरचा. वास्को द गामाच्या हिंदुस्थानात येण्याला १८९८ साली ४०० वर्षं झाली, त्या निमित्ताने तो उभारला आणि वर गामाचा अर्धपुतळा बसवला. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला. त्यानंतर गामा खाली उतरला आणि त्याच खांबावर अशोकाचे सिंह चढले. संध्याकाळी त्या सिंहांच्या डोक्यावर कावळे बसतात, गामाच्याही बसत असणार.

म्हणजे बागेत पोर्तुगीज दोन होते. एक गेला, दुसरा राहिला. मला विचाराल तर बरोबर तोच राहिला.

गार्सिया द ऑर्ता हा वैद्य. बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंच्या घरातला. १५३४ साली गोव्यात आला तो परत गेलाच नाही. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाला औषध द्यायलाही जायचा. १५६३ साली त्याने इथल्या औषधी वनस्पतींवर पुस्तक छापलं, तेही गोव्यातच. सगळं पुस्तक प्रश्नोत्तरांचं आहे. युरोपातून नवा आलेला रुआनो नावाचा डॉक्टर शंका काढतो आणि ऑर्ता उत्तरं देतो. मध्येच घरातल्या अंतोनियाला हाक मारून अमुक पाला आण, तमुक फळ आण, असं फर्मावतो. ती आणते, मग दोघे ते हातात घेऊन बोलतात. मालुपा नावाच्या हिंदू वैद्याचाही त्यात उल्लेख आहे. ग्रीकांनी लिहिलं म्हणून खरं, हे या माणसाला पटत नसे. समोरचं झाड काय सांगतं ते तो आधी बघायचा.

गंमत म्हणजे गामाच्या सफरीवर महाकाव्य रचणाऱ्या कामोंइश कवीची पहिली छापील कविता याच पुस्तकात आहे.

ऑर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, छुपी ज्यू ठरवून इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मद्रोह्यांना शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, गोव्यात जिवंत जाळलं. तेवढ्यावर भागलं नाही. १५८० साली ऑर्ताची हाडं थडग्यातून उकरून काढली आणि तीही जाळली. मेलेल्या माणसाला मरून १२ वर्षं झाल्यावर शिक्षा! त्याच पोर्तुगीज राज्याने पुढे गामाला खांबावर बसवलं. तेव्हा ‘त्यांचा माणूस’ म्हणून या बिचाऱ्याचं नाव पुसायला निघालेल्या पाहुण्याला मी हे एवढंच सांगतो, आणि तो गप्प बसतो.

मुंबईचा पाहुणा असला तर आणखी एक सांगतो. मुंबई बेट तेव्हा ऑर्ताकडे खंडाने होतं. तिथल्या आपल्या एका आंब्याला वर्षातून दोनदा, एकदा नाताळात आणि एकदा मेअखेर, फळ येतं असं त्याने त्या पुस्तकात कौतुकाने लिहून ठेवलंय. हे ऐकल्यावर गामा, इन्क्विझिशन सगळं मागे पडतं. “नाताळात आंबा? नक्की कुठे होतं हो ते झाड?”

मग आम्ही भाजी-पाव खायला उठतो.