काठावर नसलेले गाव

लातूर जिल्ह्यातील एका अनुदानित महाविद्यालयात मी तासिका तत्त्वावर भूगोल शिकवतो. सेट ही प्राध्यापकपदाची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण असूनही दरवर्षी नव्याने मुलाखत द्यावी लागते, आणि पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नसते, त्याचा वर्गातील आवाज हळूहळू दबत जातो. त्यात निम्मी मुले पोलीस भरतीच्या तयारीत. "नोट्स लिहून द्या, मुलांना तेवढंच हवं असतं," हा कायम सेवेतील सहकाऱ्यांचा सल्ला मला घातक वाटतो.

त्या दिवशी द्वितीय वर्षाला भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे सरकणारे मोठे तुकडे, आणि भूकंप हा घटक होता. पुनर्वसित गावातून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने फळ्यावरील नकाशा पाहून विचारले, "सर, आमचं गाव तर कुठल्याच पट्टाच्या काठावर नाही, मग किल्लारीचा भूकंप झाला कसा?"

भारतीय भूपट्ट उत्तरेकडे युरेशियन भूपट्टाला रेटतो, त्या रेट्याचा ताण हिमालयापाशीच न थांबता पट्टाच्या अंतर्भागातही साचतो, आणि आपल्याकडील जुनी प्रस्तरभंगांची, म्हणजे खडकांतील भेगांची, जाळी बेसॉल्टच्या थरांखाली झाकलेली असल्याने वरून दिसत नाही, हे मी सांगू लागलो. तेवढ्यात मागच्या बाकावरून माळवदांचा, म्हणजे मातीच्या सपाट छपरांच्या घरांचा, विषय निघाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, माणसे झोपेत असताना, दगड-मातीच्या जाड भिंती आणि मातीची जड छपरे कोसळली म्हणून मृत्यू इतके झाले, हे मुलांनी घरच्यांकडून ऐकलेल्या आठवणी जोडत स्वतःच मांडले. भूकंपाआधी हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात गणला जात होता आणि भूकंपरोधक बांधकामाच्या २००२ च्या भारतीय मानकात तो तिसऱ्या क्षेत्रात गेला, हे ऐकून तर प्रश्नांना खंडच राहिला नाही. मग मी प्रात्यक्षिकाचा भाग आधीच घेतला: भूकंपाच्या प्राथमिक आणि दुय्यम लहरींच्या आगमनातील प्रत्येक सेकंदाच्या फरकाला साधारण ८ किलोमीटर अंतर धरायचे, तीन भूकंपमापन केंद्रांभोवती कंपासने त्या अंतराची वर्तुळे काढायची आणि ती जिथे छेदतात तिथे अपिकेंद्र, म्हणजे भूकंपाच्या उगमाच्या थेट वरचे जमिनीवरील ठिकाण, शोधायचे. तास संपल्याची घंटा झाली, पण कोणीही वही मिटली नाही.

त्या तासाला मी कागदाकडे पाहिले नाही. उदाहरणे आपोआप सुचत होती, वाक्ये अडखळत नव्हती, आणि कित्येक वर्षांपूर्वी वाचलेले सारे नेमके हाताशी येत होते. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचे जे गुणांकन नॅकसाठी, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी, आम्ही फायलीत लावतो, त्यात याची नोंद कुठेही होत नाही.

मात्र दुसऱ्या दिवशी दुसऱ्या तुकडीत त्याच घटकावर त्याच तयारीने बोलताना समोर शांतता होती आणि दहाव्या मिनिटाला माझा हात कागदाकडे गेला. ज्ञान तेच, शिक्षक तोच. मग आदल्या दिवशीचा आत्मविश्वास माझा होता की त्या मुलीच्या प्रश्नाचा, हे मला अजून उलगडलेले नाही. या तुकडीतही किल्लारी परिसरातील मुले आहेत. पुढच्या तासाला भूपट्टांचा नकाशा नंतर काढायचा आणि आधी त्यांच्या घरची माळवदे कशी होती ते विचारायचे, एवढे मी ठरवले आहे.